अर्धशिशी, विनोद आणि गोळ्यांचा हिशेब

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत हास्य आणि डोकेदुखी यांच्या संबंधावर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख आमच्या वाचनालयात बराच वाचला गेला. दोघा-तिघा वाचकांनी तर तो अंक उघडून मुद्दाम माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. मला अर्धशिशीचा जुना विकार आहे आणि त्याविषयी मी शक्यतो थट्टेनेच बोलते, हे आमच्या वाचकांना ठाऊक असल्याने हा लेख माझ्याच बाजूने लिहिला गेला आहे, अशी त्यांची समजूत झाली असावी. लेखामागील हेतू चांगला आहे, याविषयी शंका नाही. तथापि दररोज ठरावीक वेळ खळखळून हसले की डोकेदुखी हटते, हे त्यातील मुख्य विधान मला मान्य नाही. या दुखण्यात विनोदाचा उपयोग होतो हे मी स्वानुभवाने जाणते. पण तो उपयोग अगदी निराळा आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

अधूनमधून डोके दुखणाऱ्या माणसाला जे लागू पडते, ते निम्मा महिना डोके दुखणाऱ्या माणसाला लागू पडतेच असे नाही, हा भेद लेखात कोठेही केलेला नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल आणि त्यांपैकी निदान ८ दिवस दुखण्याचे स्वरूप अर्धशिशीचे असेल, तर तिला दीर्घकालीन अर्धशिशी म्हणतात. उपचार न केल्यास एकेक वेळचे दुखणे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकते. बहुधा एकाच बाजूचे कानशील ठणकत राहते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही ठणका वाढतो. विकार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या ११ शिरोरोगांत अर्धावभेदक, म्हणजेच आपली अर्धशिशी, आहे, आणि सूर्य चढेल तसा चढणारा व सूर्य कलल्यावर उतरणारा सूर्यावर्तही आहे. रुग्णही थोडेथोडके नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी बंगळुरू आणि त्याभोवतालच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले होते. आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांतही अशांची संख्या लक्षणीय असणार.

मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना जाणवत नाही. ती जाणवते मेंदूवरील आवरणांना आणि तेथील रक्तवाहिन्यांना, आणि ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूमार्फत ती पुढे पोहोचते. या मज्जातंतूच्या टोकांशी सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते आणि दुखणे पेटते ठेवते. हा उलगडा करणाऱ्या चौघा शास्त्रज्ञांना २०२१ साली ब्रेन प्राइझ हे मेंदूविषयक संशोधनाचे पारितोषिक देण्यात आले, आणि त्याच द्रव्याला रोखणारी नवी औषधे २०१८ पासून वापरात आली आहेत. एवढे सांगण्याचा हेतू इतकाच की, हा विकार मनाच्या उदासीनतेतून उत्पन्न होत नाही. त्यामुळे मन प्रसन्न केले की तो जाईल, हा तर्क मुळातच लंगडा आहे.

हसण्याने वेदना कमी होते या समजुतीला आधारच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाचे संपादक नॉर्मन कझिन्स (म्हणजे आपल्याच व्यवसायातले, वैद्यकीय नव्हेत) यांनी १९७६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आपल्या आजाराची हकिकत लिहिली. सांध्यांना सूज आणणाऱ्या त्या दुखण्यात विनोदी चित्रफिती पाहून दहा मिनिटे पोट धरून हसल्यावर आपल्याला निदान दोन तास वेदनारहित झोप मिळे, असे त्यांनी म्हटले आहे. त्याच काळात ते क जीवनसत्त्वही मोठ्या मात्रेत घेत होते, तेव्हा गुण कशाचा हे सांगणे कठीण. पुढे ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, इतरांच्या सोबतीने मनापासून हसल्यानंतर माणसे रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याचा आवळ किंवा अतिथंड आवरणाचा स्पर्श पूर्वीपेक्षा अधिक वेळ सहन करू शकतात. निष्कर्ष रंजक आहे. परंतु दंडावरचा पट्टा असह्य झाला की तसे सांगून तो सोडवून घेता येतो, ही सवलत कपाळाला नाही. काही मिनिटांची, हुकमी आणि हुकमाने थांबणारी वेदना सोसणे आणि महिनोन्महिने चालणारे दुखणे घेऊन नोकरी व संसार करणे, यांत फार अंतर आहे, आणि आपल्या लेखात ते एका उडीत ओलांडलेले आहे.

हास्यक्लब ही तर महाराष्ट्रातच जन्मलेली गोष्ट. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आरंभी रोज कोणीतरी विनोद सांगत असे आणि बाकीचे हसत असत. परंतु थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, उरलेले चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते, आणि तेव्हा विनोदाविनाच हसण्याची पद्धत निघाली. ती आता गावोगावच्या बागांतून चालते. पहाटे उठणे, मोकळी हवा, चार माणसांची सोबत यांचा लाभ माझ्या ओळखीच्या कितीतरी ज्येष्ठांना झालेला मी पाहिला आहे, तेव्हा त्या उपक्रमाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्यासारख्यांना तेथे पाठवण्याविषयी. डोके उठलेले असताना शिंक, खोकला, खाली वाकणे, मोठ्याने बोलणे या प्रत्येकाचा ठोका कानशिलात बसतो, आणि दोन्ही हात वर करून पोटातून काढलेले हसू याला अपवाद नाही.

मग आमच्या घरी विनोदाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे काम दुखण्यावर चालत नाही, दुखण्याभोवती वावरणाऱ्या माणसांवर चालते. ‘माझे डोके दुखते आहे’ हे वाक्य महिन्यातून निम्मे दिवस उच्चारले गेले की ऐकणाऱ्याला पहिल्यांदा काळजी वाटते, नंतर सवय होते आणि शेवटी कंटाळा येतो. यात त्याचा दोष नाही. बोलणाऱ्यालाही ते वाक्य ओशाळवाणे वाटू लागते, मग तो ते गिळतो, आणि घरातील कोणालाही काही न कळता अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. हा अबोला मला दुखण्याइतकाच वाईट वाटतो. आमच्याकडे तो मोडला माझ्या सासूबाईंनी. त्यांनी या दुखण्याला ‘जावईबापू’ असे नाव ठेवले. ते न कळवता येतात, आले की घरादाराने हळू बोलायचे, त्यांची खोली वेगळी, त्यांचे पथ्यपाणी वेगळे, आणि केव्हा निघणार हे विचारण्याची सोय नसते. सासूबाईंचे खरे जावई सुस्वभावी आहेत. त्यांच्यासमोर हे नाव प्रथम उच्चारले गेले तेव्हा क्षणभर सर्वांना अवघडल्यासारखे झाले, परंतु ‘माझ्यापेक्षा त्यांचा मुक्काम जास्त असतो’ असे म्हणून त्यांनीच ते मोकळे केले.

या एका नावावर घरातील केवढी व्यवस्था चालते, ते सांगते. दुखणे सुरू होण्याच्या कित्येक तास आधी मला जांभया येऊ लागतात, मान आखडते आणि गोड खावेसे वाटते. वैद्यकशास्त्रात ही पूर्वलक्षणे म्हणून नोंदलेली आहेत. ती दिसली की यजमान ‘बापू निघाले वाटतं?’ एवढेच विचारतात. मी मान हलवली की ते स्वयंपाकघराचा ताबा घेतात. त्या दिवशी आमटीला हिंग-मोहरीची फोडणी पडत नाही, कारण तो वास मला दोन खोल्यांपलीकडूनही सोसत नाही. कुकर लागत नाही, कारण शिटी. तांदूळ पातेल्यात वेळले जातात, आणि भात गिचका झाला तर त्याचे खापर बापूंवर फुटते. पश्चिमेकडच्या खिडकीवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून अडकवली जाते. दाराची कडी वाजू नये म्हणून तिच्यात फडके कोंबले जाते. यांपैकी एकही गोष्ट मला तोंडाने मागावी लागत नाही. शेजारच्या मुलांनाही हे नाव माहीत आहे. जिन्यात चेंडू आपटणारा मुलगा ‘काकू, आज जावई आहेत का?’ असे विचारून खाली मैदानात निघून जातो. मी त्याला अर्धशिशीची लक्षणे समजावून सांगितली असती तर तो इतक्या तत्परतेने गेला नसता.

उपवासांचेही असेच. वेळेवर न जेवणे हे अर्धशिशी उठण्याचे एक सर्वपरिचित निमित्त आहे. आमच्याकडे संकष्टी चतुर्थी कडक; चंद्रोदय होईपर्यंत काही नाही, आणि चंद्रोदय अनेकदा रात्री नऊनंतर. संध्याकाळी सहाच्या सुमारास माझे डोके उठायचे आणि मोदकांच्या ताटाऐवजी मला बादली समोर घेऊन बसावे लागायचे. उपवास सोडण्याचा विषय सुनेने काढणे हे घरोघरी किती नाजूक असते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. तो विषय सासूबाईंनीच संपवला. ‘अगं, बाप्पाला नवं डोकं मिळालं म्हणून त्याचं भागलं. तुला दुसरं कुठून आणू? तू आपली वेळेवर जेव,’ असे त्या म्हणाल्या आणि भाकरी-पिठल्याचे ताट त्यांनी स्वतः वाढून दिले. श्रद्धाळू माणसाने केलेला हा विनोद होता, म्हणून तो कोणाला खटकला नाही. एरवी त्याच मुद्द्यावर माझ्या आणि त्यांच्या मध्ये वर्षानुवर्षे धुसफुस चालू राहू शकली असती.

माझ्या मते विनोदाचा सर्वांत मोठा उपयोग गोळ्यांच्या बाबतीत आहे, आणि याच मुद्द्याविषयी आपल्या लेखात एक अक्षरही नाही, याचे मला आश्चर्य वाटले. डोके दुखते म्हणून घेतलेल्या गोळ्या वारंवार घेतल्या गेल्या तर त्याच गोळ्यांमुळे डोके दुखू लागते. औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी हा उपरोक्त वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे. पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान वर्गातील व अर्गोटयुक्त अशा खास अर्धशिशीवरच्या, तसेच अफूवर्गीय किंवा अनेक घटक एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर हा धोका संभवतो. ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांनाच तो अधिक. आपल्याकडे दुकानात एकेक सुटी मिळणारी गोळी बहुधा मिश्र असते, हे फार थोड्यांना माहीत असते. किराणा दुकानातसुद्धा ती मिळते. गोळी घेतली की तात्पुरते बरे वाटते, म्हणून तिच्यावर संशय येत नाही, आणि दुखणे वाढले की लोक गोळ्या वाढवतात.

माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मला वही घालायला सांगितली: तारीख, दुखणे किती वाजता सुरू झाले, शून्य ते दहापैकी किती, काय खाल्ले, झोप किती आणि कोणती गोळी. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, असे त्यांनी बजावले होते. परंतु कानशील ठणकत असताना गोळीकडे जाणारा हात अडवणे ही घरच्या माणसासाठी अवघड कामगिरी असते. ‘किती गोळ्या घेतेस!’ असे म्हटले की ते आरोपासारखे लागते, आणि न म्हटले तर वही भरत जाते. यजमान निवृत्त होईपर्यंत आस्थापना शाखेत लिपिक होते. त्यांनी गोळ्यांचे पाकीट स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवले आणि प्रत्येक गोळीसाठी किरकोळ रजेचा अर्ज करावा, असा नियम जाहीर केला. अर्ज तोंडी चालतो. महिन्याला डॉक्टरांनी घालून दिलेल्या दिवसांइतकीच रजा शिल्लक असते, ती पुढील महिन्यात ओढता येत नाही, आणि दहा तारखेच्या आत निम्मी संपली तर ‘साहेबां’चा शेरा ऐकावा लागतो. ‘अर्जदाराने रजेचे नियोजन करावे’ हा शेरा मी अतिशय वाईट अवस्थेत ऐकलेला आहे आणि तरीही ओठांच्या कोपऱ्यात हसलेली आहे. मोठ्याने नव्हे, मोठ्याने हसणे त्या क्षणी परवडत नाही. गोळी त्या वेळी मिळाली किंवा मिळाली नाही, तरी आमच्यात भांडण होत नाही, ही गोष्ट कोणत्याही आरोग्यविषयक सल्ल्यापेक्षा अधिक मोलाची आहे. हा नियम माझ्या संमतीने झाला आणि त्यातील संख्या डॉक्टरांची आहे, हेही येथे नमूद करते. कोणी आपल्याच मनाने घरातील रुग्णाची औषधे कुलपात घालू नयेत.

बाम मात्र रजेविना मिळतो, म्हणून आमच्याकडे त्याचा खप मोठा आहे. अमृतांजन १८९३ साली मुंबईत सुरू झाले, आणि त्याच्या जाहिरातीच्या फलकामुळे खंडाळ्याच्या घाटातील १८३० सालच्या ब्रिटिशकालीन पुलाला अमृतांजन पूल हे नाव पडले, असे सांगतात. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, तेव्हा एका वाचकाने मला ‘तुमचं स्मारक गेलं’ असे कळवले होते. हे जाता जाता.

सल्ल्यांचा विषय निघाला की आमच्यासारख्यांजवळ विनोदाचे भांडवल अमाप असते, पण त्यामागील गैरसमज गंभीर आहेत. आपल्याकडे मळमळ आणि डोकेदुखी एकत्र दिसली की ‘पित्त उठलंय’ असे निदान क्षणात होते. उलटी झाल्यावर काहींना हलके वाटते, त्यामुळे ते निदान पक्के होते. मग आमसुलाचे सार, थंड दूध आणि आम्लनाशक गोळ्या यांवर वर्षे जातात. प्रत्यक्षात ती मळमळ अर्धशिशीचाच भाग असते, आणि त्या वेळी जठरातील अन्न व औषध पुढे सरकण्याची गतीही मंदावते, म्हणून डॉक्टर वेदनाशामकाबरोबर उलटीवरचे औषध देतात. दुसरे लोकप्रिय निदान सायनसचे. अमेरिकेत सुमारे ३,००० जणांच्या एका अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारची निघाली. उरतो चष्म्याचा नंबर, सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा लेप, आणि सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी. या सर्व उपायांपैकी शेवटचा मी सर्वांत निष्ठेने करून पाहिला. गुण आला नाही, पण त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

खऱ्या उपचारांतही गंमत आहेच. दुखणे वारंवार येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या जुन्या औषधांपैकी प्रोप्रानोलोल हे हृदयाचे, अमिट्रिप्टिलीन नैराश्याचे आणि टोपिरामेट फिटचे औषध. पहिल्याचा अर्धशिशीवरील गुण १९६६ साली हृदयविकाराच्या रुग्णांवर उपचार करताना योगायोगाने ध्यानात आला. निरनिराळ्या काळात मला तिन्ही दिली गेली, त्यामुळे गावात माझ्या प्रकृतीविषयी तीन निरनिराळ्या वदंता आहेत, आणि त्यांपैकी डोकेदुखीची एकही नाही.

आता ज्या विनोदांना माझा विरोध आहे त्यांविषयी. बायकांची डोकेदुखी हा सोयीचा बहाणा, या कल्पनेवर बेतलेले चुटके आपल्याकडे वर्षानुवर्षे छापले गेले आणि आता ते भ्रमणध्वनीवरून फिरतात. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळतो, हे वास्तव त्या चुटक्यांच्या शेजारी ठेवून पाहावे. कार्यालयात एखादी स्त्री डोके दुखते म्हणून अर्धी रजा मागते तेव्हा तिच्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याने असे शंभर चुटके ऐकलेले असतात, आणि त्या सर्वांचा निकाल तिला ऐकावा लागतो. एमआरआयचा अहवाल निर्दोष आला तेव्हा ‘वहिनींच्या डोक्यात काहीही सापडले नाही’ असे माझ्या दिरांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर केले, आणि त्यावर मी सर्वांत आधी हसले. पण दीर रात्री दोन वाजता मला इस्पितळात घेऊन जाणारे गृहस्थ आहेत. ज्याने कधी पाण्याचा पेलाही पुढे केला नाही, त्याने हाच विनोद केला असता तर मला तो झोंबला असता. थट्टेचा हा अधिकार मिळवावा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हसतमुख रुग्णाला आणखी एक दंड भरावा लागतो. तो आपले दुखणे गमतीने सांगतो, म्हणून ऐकणारा ते कमी समजतो. एका दवाखान्यात मी सवयीने जावईबापूंची गोष्ट सांगितली, डॉक्टर मनापासून हसले आणि विश्रांती घेण्याचा सल्ला देऊन त्यांनी मला परत पाठवले. तेव्हापासून मी तपासणीच्या खोलीत विनोद नेत नाही. तेथे वही नेते. मिडास नावाची एक छोटी प्रश्नावली आहे, ती या कामी फार उपयोगी पडते. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे किती दिवस कामावर जाता आले नाही, किती दिवस कामाचा उरक निम्मा किंवा त्याहून कमी झाला, हेच घरकामाविषयी, आणि किती दिवस कौटुंबिक वा सामाजिक प्रसंग चुकले, असे पाच प्रश्न तिच्यात असतात आणि उत्तरे दिवसांच्या आकड्यांत द्यायची असतात. निम्म्या उरकाचे दिवस मोजणे मला विशेष पटते, कारण हजेरीपटावर मी त्या दिवशी हजर असते. फक्त परत आलेली पुस्तके कपाटात न लागता टेबलावर साठत जातात आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने मला दर थोड्या वेळाने बाहेर जावे लागते. बाहेरच्यांना ग्रंथपालाची नोकरी शांततेची वाटते, हा गैरसमजही याच यादीतला.

शेवटी एक गोष्ट गांभीर्याने. प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते, आणि काही डोकेदुख्यांत थट्टा करण्याइतका वेळही हाताशी नसतो. काही सेकंदांत किंवा मिनिटाभरात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी. ताप आणि आखडलेली मान यांसह आलेली. बोलण्यात अडखळ, एका बाजूची शक्ती जाणे, शुद्ध हरपणे यांसह आलेली. डोक्याला मार लागल्यानंतरची. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने उद्भवलेली. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली: अशा वेळी बाम, सुंठ आणि हास्य सर्व बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, आणि यांतील पहिल्या तीन प्रकारांत तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे. आपल्या लेखात हा इशारा असणे अत्यावश्यक होते.

जागतिक हास्यदिन मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो आणि त्या निमित्ताने आपली पुरवणी पुन्हा याच विषयावर निघेल, असा माझा अंदाज आहे. तेव्हा एक चौकट राखून ठेवावी, अशी विनंती आहे. तीत वरील धोक्याची लक्षणे, साध्या गोळ्यांची १५ दिवसांची व मिश्र गोळ्यांची १० दिवसांची मर्यादा, आणि वही कशी ठेवावी याचा एक नमुना, एवढे पुरे. लेखाची जागा कमी करावी लागली तरी चालेल. चौकट मात्र लहान टायपात किंवा गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत छापू नये. जिच्यासाठी ती छापायची, तिचे डोके त्या रविवारी उठलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
जि. सातारा